दुपारच्या शोमधला हात

बाबा, परवा तुमचा पिक्चर पाहून आले. तुमचा म्हणजे तोच, काळ्या झग्यातल्या विलायती उमरावाचा, जो दिवसा पेटीत झोपतो आणि अंधार पडला की बायकांच्या गळ्याचं रक्त पितो. चंद्रपूरच्या मॉलमध्ये हल्ली जुने पिक्चर धुऊनपुसून पुन्हा लावतात, त्यात हा लागला होता. एकच आठवडा, आणि दुपारचा एकच शो. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्या असं कधी मनात आलं नाही, आणि आता आलं तर गडचांदूरला लेकाच्या घरी, त्याच्या पोरीच्या वहीची मागची पानं फाडून लिहीत बसले आहे. चामोर्शीच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन तपासलं, म्हणून लिहिताना हात असा पुस्तकी चालतो. हसू नका. तोंडानं अजून तुमच्यासारखीच बोलते. मागे एक साहेब शाळा तपासायला आले होते, ते म्हणाले, बाई, तुमच्या बोलण्यात गावठी फार येतं. मी म्हटलं, गावचीच हाओ न जी, मंग काय पुण्याचं येईन?

मी लहान असताना चंद्रपूरला शनिवारी शाळा सकाळची असायची. आई डबा द्यायची आणि मी टॉकीजच्या मागचा लोखंडी जिना चढून तुमच्या पिक्चर चालवायच्या खोलीत यायची. बाहेर बाजारात मे महिन्याचं ऊन परवडलं, पण ती खोली नको. दोन मशिनी, त्यांच्या पोटात पेटलेल्या कार्बनच्या कांड्या, तो घशात बसणारा धूर, आणि त्यात तुम्ही बनियनवर, खांद्यावर पंचा टाकून उभे. अमरावतीहून आलेल्या रिळांच्या पत्र्याच्या पेट्या कोपऱ्यात रचलेल्या. एका मशिनीतलं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा आणि तुम्ही दुसरी मशीन सुरू करायचे. खालच्या पब्लिकला पत्ताही लागायचा नाही. असंच रीळ चढवताना, माझ्या जन्माआधी कधीतरी, दातेरी चाकात तुमच्या उजव्या हाताची अर्धी करंगळी गेली होती. टॉकीजवाले तुम्हाला 'साडेनऊ' म्हणायचे. अरे साडेनऊ आले का, साडेनऊनं चहा पिला का. तुम्हाला राग यायचा नाही, मलाच यायचा.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलं, ते त्या खोलीत. मशिनीचं झाकण थोडं उघडं होतं आणि त्या फटीतून असा पांढराफेक उजेड येत होता की मी वाकून आत पाहायला गेले. पाठीत सणसणीत धपाटा बसला. "त्या उजेडाकडे सरळ पाहाचं नाई, पोरी! डोळे जातीन. काचेतून पाहाचं." मग मी रडायला लागले तर तुम्हीच घाबरले, आणि मशिनीच्या खिडकीवरची काळ्या काचेची जुनी चकती काढून माझ्या हातात ठेवली. ती काच मी शाळेत नेली होती बरं का. दर ग्रहणाला पोरांना ओळीत उभं करून त्या काचेतून सूर्य दाखवायची. एकदा हेडमास्तरही ओळीत उभे राहिले.

तर मी नऊ वर्षांची असताना तो रक्त पिणारा आला. हिंदीत डब केलेला, त्यामुळे तो उमराव आपल्या बसस्टँडवरच्या चौकशी खिडकीतल्या बाबूसारखा बोलायचा, पण पडद्यावर त्याचं तोंड बैलगाडीएवढं व्हायचं. बारा ते तीनच्या शोला बायकांची गर्दी. खेड्यांतून कोर्टाला, दवाखान्यात, बाजाराला आलेल्या बाया, कडेवर पोट्टे. काम झालं की संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसायचं कुठं, तर टॉकीजमध्ये. पहिल्याच दिवशी एक दोन जिवांची सून लेडीजमध्ये चक्कर येऊन पडली. तिला पाणी मारून उठवलं आणि तिची सासू लोखंडी जिना चढून तडक तुमच्या खोलीत आली. "अवो भाऊ, तुमचं भूत तुमच्या घरी ठेवा न! माह्या सुनेच्या पोटातल्याले काही झालं असतं तं तुम्ही काय दिलं असतं?" जसं काही तुम्हीच ते दात लावून पडद्यावर गेला होता. त्या सासूचं बोलणं तुम्हाला लागलं, हे मला तुमच्या जेवण्यावरून समजलं. अर्धी भाकर परत डब्यात ठेवली तुम्ही.

पुढच्या शनिवारी मी खाली पब्लिकमध्ये बसले होते. ती जागा आली. खिडकी उघडी, पडदा हलतो आहे, गोरी बाई झोपलेली, आणि तो वाकतो आहे. घुबड ओरडतं. तो तोंड उघडतो, आणि तेवढ्यात पडद्यावर एक हात आला. अख्ख्या पडद्याएवढा काळा हात. कडा पुसट, बोटं फाकलेली. टॉकीज किंचाळलं हो बाबा! "माय वं! हात! हात आला वं!" ज्या बाया पहाटे वाघाच्या जंगलात मोहफुलं वेचायला एकट्या जातात, त्या एकमेकींच्या पदरात शिरल्या. आणि मी? मला हसू फुटलं. कारण त्या हाताची करंगळी अर्धी होती. शेजारच्या बाईला वाटलं, पोरीला लागीर झालं. तिनं माझ्या डोक्यावरून मिठाच्या पुडीसकट मूठ ओवाळली, तिच्या बाजारातलंच मीठ, आणि माझ्या अंगावर थू थू केलं.

मी पळत वर आले तर तुम्ही भिंतीतल्या, उजेड बाहेर जायच्या चौकोनी भोकाशी उभे होते, घामानं भिजलेले. मला म्हणाले, "ठिपक्यानंतर अकरा मोजाचे अन् हात धराचा. बारीक लेकरं असते खाली, पोटुश्या बाया असते. कायले उगा." मग एकदम खाली बसून माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारलंत, "तुले तं काही दिसलं नाई न?" मी मान हलवली. तुमच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं की काय सांगू. डब्यातली माशाची मोठी खांड तुम्ही माझ्या हातावर ठेवली, काटे काढून.

पुढं जे झालं ते फक्त आपल्याच गावात होऊ शकतं. दुपारच्या शोवाले म्हणाले, पिक्चरमध्ये हात आहे. संध्याकाळच्या शोवाले म्हणाले, हातबीत काही नाही, दात आहेत. पानठेल्यावर भांडणं लागली. "अबे, म्या सोताच्या डोयानं पाह्यला, साडेचार बोटाचा हात!" मग संध्याकाळचे लोक पुन्हा दुपारी आले, हात पाहायला. एक हवालदार आला, हाताची चौकशी करतो म्हणून, आणि हात येताच टोपी खुर्चीवर सोडून बाहेर पळाला. ती टोपी डोअरकीपरनं दोन दिवस तिकीटखिडकीत टांगून ठेवली होती. दुसऱ्या आठवड्यात बाया तोंडावर पदर घेऊनच यायच्या, उमरावासाठी नाही, तुमच्यासाठी. मालक खूश. त्यानं बजावलं, हात बंद करायचा नाही. तुम्ही पाच आठवडे रोज दुपारी अकरा मोजून हात धरत राहिले, पण तुमचं मन उतरलेलं होतं. एकदा जेवता जेवता म्हणाले, "म्या भेव कमी कराले गेलो पोरी, अन् वाढवून बसलो. झाकलं का जास्त भेव लागते. पण उघडं बी तं नाई ठेवता येत. काय करावं मानसानं?" नऊ वर्षांच्या पोरीला विचारत होतात तुम्ही हे. मी म्हटलं, बाबा, भात वाढू का?

आता खरी गोष्ट लिहिते. तुमचा खोकला. कार्बनचा धूर तुमच्या छातीत बसला होता की चंद्रपूरच्या हवेतला कोळसा, देव जाणे. नागपूरच्या डॉक्टरनं तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावून सांगितलं, चार महिने, फार तर सहा. दारातून बाहेर येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसला होता. वडाच्या झाडांची रांग मागे जात होती. तुम्ही विचारलं, "काय म्हणते डॉक्टर?" मी म्हटलं, "काही नाई बाबा. छातीत धूर साठला म्हणते. गोळ्यांनी निघून जाईन." तुम्ही माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "असं का. मंग बरं हाय." वाटेतल्या जाम गावच्या स्टॉपवर तुम्ही संत्रं घेतलं, सोललं, आणि अर्ध्याहून जास्त फोडी मला दिल्या. मला वाटलं, जमलं. मी जिंकले.

त्यानंतर तुम्ही मला चार वेळा म्हणाले, गावाले जाऊन येऊ. आजाच्या मामा तलावावर, म्हणजे त्या जुन्या मालगुजारी तलावावर. आजानं जन्मभर ज्या पाण्यात जाळं टाकलं, त्यात एकदा पाय सोडून बसायचं होतं तुम्हाला, बाकी काही नाही. दोन तासांचा रस्ता. आणि मी चारही वेळा म्हटलं, "बरे झाले का जाऊ न बाबा, घाई काय हाय?" कारण नेलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की शेवटचं नेते आहे. एवढी हुशार मी. तुम्ही पाचव्यांदा विचारलं नाही. मग तुम्ही तुमची पेचकसांची पेटी टॉकीजच्या नव्या ऑपरेटरला देऊन टाकली, आईला कोणती कागदं कोणत्या पिशवीत आहेत ते दाखवलं, आणि मी पाहत राहिले आणि मला वाटलं, बाबा आवराआवर करून राह्यले, तब्येत सुधारली वाटते. रोज संध्याकाळी मी विचारायची, कसं वाटते? रोज तुम्ही म्हणायचे, आज बरं वाटून राह्यलं. पोळ्याच्या आठ दिवस आधी गेलात. तेराव्याला मी सगळ्या नातेवाइकांसमोर अभिमानानं सांगितलं, शेवटपर्यंत कळू दिलं नाही बाबाले. पुढेही किती लोकांना सांगितलं असेल. शेजारच्या बाईच्या नवऱ्याचं तसंच झालं तेव्हा तर मी तिला शिकवलंसुद्धा, सांगू नको बाई, माणूस खचते. आज ते तोंड थोबाडावंसं वाटतं.

गेल्या महिन्यात माझ्या पोटात गाठ निघाली. लेक रिपोर्ट घेऊन नागपूरला गेला, मला नेलं नाही, म्हणाला ऊन आहे. तो सिमेंटच्या कारखान्यात आहे, स्वभावानं अगदी तुमचा, खोटं बोलताना कान लाल होतात. संध्याकाळी आला, चप्पल काढता काढता खाली पाहत म्हणाला, "काही नाई आई, साधी गाठ हाय. गोळ्यांनी विरघळते म्हणे." आणि माझ्या तोंडून निघालं, "असं का. मंग बरं हाय." निघालं आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं, बाबा. ते माझे शब्द नव्हतेच. तेव्हा मला ती बस आठवली, तुमचं ते बराच वेळ पाहणं आठवलं.

त्यानंतर काही लपून राहिलं नाही. फाईल कुलुपात. माझ्या भाजीतल्या मिठाला सहा वर्षं नावं ठेवणारी सून आता दोन-दोन वेळा वाढून घेते आणि मोरीत जाऊन नाक शिंकरते. लेकानं आठ दिवसांची सुट्टी टाकली. दिवाळीला सुट्टी मिळत नाही म्हणून रडणारा तो. आणि मग एका सकाळी म्हणाला, "आई, तुले काही खावंसं, पाहावंसं वाटते का?" घरचे असं विचारायला लागले की माणसानं समजून घ्यावं. मी म्हटलं, तुह्या आजोबाचा पिक्चर लागला म्हणते चंद्रपूरले. तो म्हणाला, मोबाईलवर दाखवतो न. मी म्हटलं, एवढाल्या उमरावाले तू डबीत घालून दाखवतं काय रे? पडदा पाहिजे.

तुमची टॉकीज पाडली, ठाऊक असेल तुम्हाला. तिथं आता लग्नाचा हॉल आहे आणि तुमच्या खोलीच्या उंचीवर पाण्याच्या दोन टाक्या. मॉलमधल्या थेटरात आम्ही धरून अकरा माणसं होती, थंडी वाजत होती, खुर्च्या झोपायला लावतील अशा. मी मागं वळून पाहिलं. भोक आहे, उजेड येतो, पण मागे माणूस नाही. समोर कॉलेजची चार पोरं बसली होती, ती सुरुवातीपासून हसत होती. वटवाघूळ आलं तर एक म्हणतो, "अबे, दोरी दिसून राह्यली!" दिसत होती, खरंच दिसत होती. तेव्हा ज्याच्या भीतीनं लोकांनी पंचक्रोशीत गंडे बांधले, तो एक पिठूळ तोंडाचा थकलेला माणूस होता, आणि त्याचे डोळे मला फार केविलवाणे वाटले. मला कोणाची भीती वाटत नव्हती आणि त्याचंच वाईट वाटत होतं.

मग ती जागा आली. खिडकी, पडदा, झोपलेली बाई. ठिपका आता येत नाही, तरी मी मनात मोजायला लागले. नऊपर्यंत आले असेन, आणि माझ्या डोळ्यांसमोर हात आला. लेकाचा. लहानपणी त्याला झोपवताना मी ही गोष्ट शंभर वेळा सांगितली होती, अकरा मोजायच्या सकट. "आजोबाचा हात," तो कानाशी म्हणाला, हसत म्हणायला गेला, पण हसू काही आलं नाही त्याला. त्याच्या हाताला पाचही बोटं धड आहेत. तो हात माझ्या चष्म्याच्या काचेवर टकटक वाजत होता, बाबा. पडद्यावर ती बाई ओरडली, पोरं हसली, पुढचा सीन सुरू झाला, कुठल्याशा घोडागाडीचा आवाज यायला लागला, तरी त्यानं हात काढला नाही. मीही काढला नाही. मग त्यानं विचारलं, "दिसलं का काही?" मी म्हटलं, "नाई रे. काहीच नाई." त्यानं श्वास सोडला, आणि मध्यंतरात मक्याच्या लाह्यांचा मोठा डबा आणून माझ्याच मांडीवर ठेवला.

येताना गाडीत मी त्याला म्हटलं, एकदा आजोबाच्या गावाले जाऊन येऊ, तलावावर, पाण्यात पाय सोडून बसू. तो समोर रस्त्याकडे पाहत होता. सिमेंटचे ट्रक एकामागून एक येत होते. म्हणाला, "बरी झाली का जाऊ न आई, घाई काय हाय?" मी पुन्हा विचारणार नाही. विचारलं तर तीनदा आणखी त्याला तेच म्हणावं लागेल, आणि मग पुढं बावीस वर्षांनी तोही कुणाच्या तरी वहीची पानं फाडत बसेल.

तो गोळ्या आणायला गेला आहे, यायची वेळ झाली. हे कागद त्याच्या हाती लागायला नकोत, सकाळी पाणी तापवताना बंबात घालीन. तुमची माफी मागायला बसले होते, ते काही जमलं नाही, तलाव राहिला तो राहिलाच. एवढं मात्र सांगून टाकते. त्या शनिवारी तुम्ही मला खाली बसून विचारलं होतं, तुले तं काही दिसलं नाई न, आणि मी मान हलवली होती. दिसलं होतं, बाबा. तुमची करंगळी अर्धी होती न, त्या जागेतून सगळं दिसलं होतं.